चावी काढली तरी इंजिन बंद होईना! या बिघाडाला ज्याचं नाव पडलं तो रुडॉल्फ डिझेल कोण होता?

जुनी पद्मिनी किंवा ॲम्बेसेडर चालवलेल्यांना हा प्रकार माहिती असेल. गाडी लावली, चावी काढून खिशात टाकली, तरी बॉनेटखाली इंजिन आचके देत धडधडतच राहतं. याला ‘डिझेलिंग’ म्हणतात. आता गाडी पेट्रोलची, मग नाव डिझेलचं कसं? त्यासाठी रुडॉल्फ डिझेल नावाच्या माणसाकडे जावं लागतं.

त्याचा जन्म १८५८ चा, पॅरिसमधला, पण आईवडील जर्मन. १८७० साली फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं आणि कुटुंबाला पॅरिस सोडून लंडन गाठावं लागलं. तिथून १२ वर्षांच्या रुडॉल्फला शिकायला जर्मनीत ऑग्सबर्गला, नातेवाइकांकडे धाडलं. पुढे म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये बर्फाची यंत्रं बनवणारे कार्ल फॉन लिंडे त्याला शिकवायला होते. शिक्षण संपल्यावर त्यांच्याकडेच नोकरी लागली.

पण डोक्यात विषय वेगळाच होता. वाफेच्या इंजिनात इंधनाची बहुतेक उष्णता फुकट जाते, हे त्याला सहन होईना. त्याने ठरवलं, सिलिंडरमधली हवा इतकी दाबायची की ती दाबानेच तापेल. मग तिच्यात इंधन सोडलं की ते आपोआप पेटेल, ठिणगीची गरजच नाही. सायकलला हवा भरताना पंप गरम होतो ना, तसंच. १८९३ साली पेटंट मिळालं. त्याच वर्षी ऑग्सबर्गच्या कारखान्यात चाचणी करताना स्फोट झाला आणि तो थोडक्यात वाचला. १८९७ मध्ये मात्र त्याच्या इंजिनाने इंधनातली २६ टक्के ऊर्जा कामाला लावून दाखवली. वाफेची इंजिनं तेव्हा १० टक्क्यांच्या आसपास अडकली होती.

तर ठिणगीशिवाय पेटणं ही रुडॉल्फची ओळख. चावी काढली की पेट्रोल गाडीतली ठिणगी थांबते, तरीही इंजिन पेटतं, म्हणून त्याचं नाव चिकटलं. खरं तर हे नाव जरा अन्यायाचंच आहे. इथे नुसत्या दाबाने काही पेटत नाही. सिलिंडरमध्ये साचलेला कार्बन किंवा प्लगचं टोक निखाऱ्यासारखं लाल होतं आणि तेच ठिणगीचं काम करतं. इंजिन फिरतंय तोवर कार्ब्युरेटरमधून पेट्रोल ओढलं जातं, की झालं सुरू. इंजेक्शनच्या गाडीत चावीबरोबर पेट्रोलही तुटतं, म्हणून तिथे हा त्रास नाही.

दुरुस्तीची सुरुवात स्वस्तातून करावी. आधी आयडलिंग जास्त आहे का बघायचं, बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो. कार्ब्युरेटरवर पेट्रोल तोडणारा सोलेनॉइड असेल तर चावी फिरवल्यावर ‘टक्’ आवाज यायला हवा. मग टायमिंग, रेडिएटरचं पाणी, प्लगचा नंबर आणि शेवटी कार्बन साफ करणं. आणि हो, चावी काढल्यावर इंजिन आचके न देता अगदी सुरळीत चालत असेल तर ते डिझेलिंग नाही. तिथे इग्निशन स्विच किंवा वायरिंग तपासायचं. अडलंच तर ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून क्लच हळू सोडायचा, इंजिन गपकन बंद पडतं.

रुडॉल्फच्या इंजिनाला मात्र जगभरातून मागणी आली. अमेरिकेतले हक्क बिअरवाल्या ॲडॉल्फस बुश यांनी घेतले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात तर त्याच्या पद्धतीचं एक इंजिन चक्क शेंगदाणा तेलावर चाललं. रुडॉल्फ कोट्यधीश झाला, पण पैसा टिकला नाही. सुरुवातीची इंजिनं गिऱ्हाइकांकडे जाऊन बंद पडायची, पेटंटवरून भांडणं झाली आणि गुंतवणुकीही बुडाल्या. दिवाळं निघायच्या बेतात असतानाही बाहेर त्याचा थाट तसाच होता.

२९ सप्टेंबर १९१३ ला तो अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ‘ड्रेस्डेन’ बोटीवर चढला. रात्री जेवला, केबिनकडे गेला. सकाळी बिछाना तसाच होता आणि रुडॉल्फ बोटीवर नव्हता. घातपाताच्या वावड्या खूप उठल्या, सिद्ध काहीच झालं नाही. कर्ज पाहता आत्महत्येचीच शक्यता जास्त मानली जाते. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह दिसला. खलाशांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि देह परत पाण्यात सोडला. त्या वस्तू वडिलांच्याच असल्याचं मुलाने ओळखलं.