पाच मृतदेह आणि अकरा हजार ओव्या

आजचा शास्त्रभाग: मत्तय ५:२३-२४, लूक २३:३३-३४



क्षमेचा विषय निघाला की युथ मीटिंगमध्ये एक गोष्ट हमखास सांगितली जाते. १९५६ साली इक्वाडोरच्या जंगलात वाओरानी लोकांनी जिम इलियट आणि त्यांच्या चार सोबत्यांना भाल्यांनी मारलं. दोन वर्षांनी जिमची पत्नी एलिझाबेथ आपल्या लहानग्या मुलीला घेऊन त्याच लोकांमध्ये राहायला गेली. मारल्या गेलेल्या नेट सेंट यांची बहीण रेचलही सोबत होती.

गोष्ट खरी आहे, मोठी आहे. पण ती ऐकताना वाटतं, हे सगळं कुठेतरी लांब, दुसऱ्याच लोकांच्या बाबतीत घडतं. तसं नाहीये. त्याच्या ३७३ वर्षं आधी आपल्या शेजारी गोव्यात पाच मिशनरी मारले गेले होते. आणि ज्यांनी त्यांचे मृतदेह परत आणून पुरले, त्यांनी पुढे आपल्या मराठीत एक पुराण लिहिलं. आज त्या माणसाबद्दल, म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांच्याबद्दल.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९च्या सुमारास इंग्लंडमधल्या विल्टशायर परगण्यात झाला. तेव्हा तिथे कॅथलिक असणं धोक्याचं होतं. त्यांचा जवळचा मित्र थॉमस पाउंड विश्वासापायी तुरुंगात गेला. स्टीफन्स रोमला निसटले आणि १५७५मध्ये येशूसंघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ला लिस्बनहून जहाज सुटलं आणि २४ ऑक्टोबरला ते गोव्यात उतरले. दोनच वर्षांनी त्यांच्याच संघाच्या एडमंड कॅम्पियनना लंडनमध्ये फाशी झाली. राजसत्ता कोणाच्या श्रद्धेवर हात टाकते तेव्हा काय होतं, हे स्टीफन्स यांना पुस्तकात वाचायची गरज नव्हती.

पण गोव्यात चित्र उलटं होतं. इथे सत्ता त्यांच्याच चर्चच्या बाजूने उभी होती. साष्टीत पोर्तुगीजांनी देवळं पाडली होती, जुने ग्रंथ आणि सण यांवर बंदी आणली होती. दक्षिणेकडची कुंकळ्ळी, आसोळणा, वेरोडा, वेळ्ळी, आंबेली ही गावं मात्र ऐकायला तयार नव्हती. पाडलेली देवळं ती पुन्हा बांधत, कर द्यायला नकार देत. मग सैन्य आलं, देवळं जाळली गेली. मारल्या गेलेल्या मिशनऱ्यांपैकी काही जणांचा या मोहिमांत हातभार होता. हे आपण ख्रिस्ती म्हणून सांगायलाच हवं. नाहीतर पुढची गोष्ट अर्धीच राहते.

२५ जुलै १५८३. अकबराच्या दरबारातून नुकतेच परतलेले रुडॉल्फ अक्वाविवा, आल्फोन्सो पाशेको, पिएत्रो बेर्नो, आंतोनियो फ्रान्सिस्को आणि ब्रदर फ्रान्सिस्को आरान्हा चर्चसाठी जागा बघायला कुंकळ्ळीत गेले. गावकऱ्यांनी त्यांच्यावर हल्ला केला आणि पाचही जण मारले गेले. त्यांच्यासोबतचे काही स्थानिक ख्रिस्तीही गेले. मृतदेह विहिरीत टाकले होते. ते परत मिळवून राचोलला पुरण्याचं काम स्टीफन्स यांच्या वाट्याला आलं.

एक क्षण थांबून हे डोळ्यांसमोर आणा. पस्तिशीच्या आतला माणूस, घरापासून हजारो मैल दूर. ज्यांच्यासोबत जेवला, प्रार्थना केली, त्यांची शरीरं पावसाळ्यातल्या विहिरीतून निघालेली बघतोय.

सत्तेने उत्तर दिलं. बोलणी करायची आहेत असं सांगून गावांच्या सोळा प्रमुखांना आसोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि पंधरा जणांना ठार केलं. एक जण नदीत उडी मारून वाचला, असं सांगतात. जमिनी जप्त झाल्या. वधस्तंभावरून क्षमा मागणाऱ्या प्रभूचं नाव घेणाऱ्या राज्याने हा सूड उगवला. पाच हुतात्म्यांना चर्चने १८९३मध्ये धन्य घोषित केलं. त्या पंधरा जणांचं स्मारक कुंकळ्ळीत उभं राहायला मात्र एकविसावं शतक उजाडावं लागलं.

आता स्टीफन्स यांचं बघा. २४ ऑक्टोबर १५८३ला, म्हणजे हत्याकांडानंतर जवळजवळ तीन महिन्यांनी, त्यांनी आपल्या भावाला पत्र लिहिलं. त्यात त्यांनी इथल्या भाषांचं कौतुक केलंय. या भाषांची घडण त्यांना ग्रीक आणि लॅटिनसारखी वाटत होती. ज्या लोकांनी आपली माणसं मारली, त्यांच्या बोलण्याकडे हा माणूस तीन महिन्यांत इतक्या प्रेमाने कान देऊन बसला होता!

आणि ते तिथून गेले नाहीत. पुढची पस्तीसहून जास्त वर्षं, १६१९मध्ये देह ठेवेपर्यंत, त्यांचं बहुतेक आयुष्य त्याच साष्टीत गेलं. ते कोंकणी शिकले आणि तिचं व्याकरण लिहिलं. त्यांच्या मृत्यूनंतर १६४०मध्ये ते छापलं गेलं. मराठी तर अशी शिकले की आजही आपल्याला लाज वाटावी.

एकदा नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांनी त्यांच्यापुढे गाऱ्हाणं मांडलं. आमची जुनी पुराणं तर तुम्ही बंद केलीत, मग आम्ही वाचायचं तरी काय, असा त्याचा अर्थ होता. ही हकिकत स्टीफन्स यांनी स्वतःच ग्रंथाच्या सुरुवातीला दिली आहे. म्हणजे आपल्या बाजूने लोकांचं काय हिरावून घेतलं, ते त्यांनी झाकून ठेवलं नाही. उत्तर म्हणून त्यांनी जे लिहिलं ते ख्रिस्तपुराण. ते १६१६मध्ये राचोलला रोमन लिपीत छापलं गेलं. दोन भाग आणि जवळजवळ अकरा हजार ओव्या.

ओवी! जुन्नर-आंबेगावातून शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुण्यात आलेल्या आपल्यापैकी कोणाला ओवी वेगळी सांगायला नको. आळे, ओतूर, मंचर, घोडेगाव, कुठल्याही गावच्या सप्ताहात ज्ञानेश्वरीचं पारायण पहाटे कानावर पडतं, मग आपलं घर ख्रिस्ती असो की नसो. स्टीफन्स यांनी प्रभूची गोष्ट सांगायला युरोपातला छंद आणला नाही. जात्यावरच्या बाईला आणि पारायणातल्या म्हाताऱ्याला जी चाल ठाऊक आहे, तीच घेतली.

या पुराणाने सगळं बरोबर केलं असं मी म्हणत नाही. त्यात मूर्तिपूजेवर टीका आहे आणि ते त्या काळाचंच पुस्तक आहे. जाळलेली देवळं त्याने परत आली नाहीत, आसोळण्याचे पंधरा जणही नाहीत. पण मला त्यातून क्षमेबद्दल एक गोष्ट कळते. क्षमा म्हणजे एकदा तोंडाने म्हणून टाकायचं वाक्य नाही. ज्याने जखम केली त्याच्याच गावात राहायचं, त्याची भाषा शिकायची, त्याचं गाऱ्हाणं ऐकायचं आणि हे वर्षानुवर्षं करत राहायचं.

आणि मत्तयाचा आजचा भाग याची दुसरी बाजू दाखवतो. प्रभू तिथे तुझ्या मनात भावाविरुद्ध काय आहे हे विचारत नाही. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काय आहे, हे आठवायला सांगतो. अर्पण वेदीजवळ ठेव आणि आधी त्याच्याकडे जा. आपण नेहमी आपल्याला दुखावणाऱ्यांची यादी घेऊन प्रार्थनेला बसतो. आपल्या लोकांनी, आपल्या घराने, आपल्या समाजाने कोणाला दुखावलं, ती यादी आपल्याकडे असते का?

कुंकळ्ळीचं आज काय? तिथल्या देवीला त्या काळात फातर्प्याला हलवावं लागलं. दरवर्षी फाल्गुनात तिची पालखी कुंकळ्ळीला येते, सोबत बारा वांगडांच्या, म्हणजे गावातल्या मूळ बारा घराण्यांच्या, बारा छत्र्या असतात. त्या घराण्यांतली काही कुटुंबं आज ख्रिस्ती आहेत, काही हिंदू. गुलालात दोघंही असतात. कोणीही इतिहास विसरलेलं नाही, तरी ते एकत्र चालतात.

आज करून बघा: ज्याच्याशी बोलणं बंद आहे अशा एका माणसाला मेसेज करा. आपली बाजू समजवायला नको. त्याला काय लागलं, एवढंच विचारा आणि उत्तर पूर्ण वाचा.

प्रार्थना: प्रभू येशू, ज्यांनी आम्हाला दुखावलं त्यांच्याजवळ राहायचं बळ दे. ज्यांना आम्ही आणि आमच्यांनी दुखावलं, त्यांचं ऐकायला नम्र मन दे. आमची जीभ त्यांची भाषा शिको. आमेन.