साने गुरुजी : श्रद्धेचा आधार आणि श्रद्धेची कसोटी

चंदनसारला आमच्या घराच्या ओट्यावर उभे राहिले की जीवदानीचा डोंगर दिसतो. आई पहाटे देवापुढे निरांजन लावते, डोंगराच्या दिशेने एकदा हात जोडते आणि शाळेला निघते. ती प्राथमिक शिक्षिका आहे. वर्गात मुले पुष्कळ, आणि भरून द्यायचे कागद त्याहून पुष्कळ. संध्याकाळी परतते तेव्हा तिचा आवाज बसलेला असतो. तरीही दुसऱ्या दिवशी पहाटे निरांजन लागायचे ते लागतेच.

कॉलेजात तत्त्वज्ञानाची दोन पुस्तके वाचली आणि मला त्या निरांजनाचे हसू येऊ लागले. एकदा मी ते बोलूनही दाखविले. आई रागावली नाही. वात सारखी करता करता ती एवढेच म्हणाली की, ही पाच मिनिटे नसती तर दिवसभराचा वैताग मी वर्गातल्या पोरांवर काढला असता. मी निरुत्तर झालो. मलाही पुढे शिक्षकच व्हायचे आहे. त्यामुळे तिचा प्रश्न माझा झाला. शिक्षकाला त्याची श्रद्धा खरोखर तारते काय? हा विचार करताना एक नाव पुनःपुन्हा समोर येत राहिले, पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच आपले साने गुरुजी.

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे झाला. घराणे खोतांचे, पण वैभव ओसरलेले आणि दारिद्र्य दाराशी आलेले. अशा घरात आई यशोदाबाईंनी मुलाला जे दिले, ते पोथीतले अध्यात्म नव्हते. झाडाचे पान विनाकारण तोडू नये, दाराशी आलेल्या दुबळ्याला दूर लोटू नये, पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसेच मनालाही जपावे, हा तिचा धर्म. दापोली, औंध, पुणे असे शिक्षणासाठी फिरताना या मुलाने उपासमार सोसली. १९१७ साली आई गेली. शेवटच्या क्षणी तो तिच्याजवळ नव्हता, आणि ही रुखरुख त्याला जन्मभर पुरली. पण आई गेली तरी तिचा धर्म त्याच्यापाशी राहिला. गुरुजींच्या श्रद्धेचे मूळ मला येथे दिसते. त्यांचा देव त्यांना आईच्या हातून मिळाला होता.

पदवी घेतल्यावर ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात गेले. बोरी नदीकाठचे हे गाव संत सखाराम महाराजांचे. तत्त्वज्ञान मंदिरात ग्रंथ होते, स्वस्थता होती, विद्वानांचा सहवास होता. परंतु गुरुजींचे मन तेथे रमले नाही. नुसत्या चर्चेतला परमेश्वर त्यांना पुरेना. १९२४ साली ते त्याच गावातील हायस्कुलात शिक्षक झाले. प्रताप हायस्कूल म्हणून ही शाळा आज ओळखली जाते. तत्त्वज्ञानाचा एम. ए. झालेला हा तरुण खडू हातात घेऊन मुलांसमोर उभा राहिला आणि पुढे वसतिगृहाची जबाबदारीही त्याने घेतली.

वसतिगृहातील गुरुजींच्या गोष्टी खानदेशात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. मुले शाळेत गेली की गुरुजी त्यांच्या खोल्या आवरीत, विस्कटलेली अंथरुणे नीट करीत, धोतरांच्या घड्या घालून ठेवीत. आजारी मुलाच्या उशाशी रात्र काढीत. ते कोणाला रागे भरत नसत. खोली कोण आवरते हे कळल्यावर मुले ओशाळत आणि आपोआप खोली नीट ठेवू लागत. रात्री जागून ते ‘छात्रालय’ नावाचे दैनिक स्वतःच्या हाताने लिहीत. सकाळी ते मुलांसमोर असे. पुढे ‘विद्यार्थी’ मासिकही त्यांनी चालविले.

हे सारे करायला बळ कोठून येत होते? पगार बेताचा, कामाला अंत नाही आणि स्वभाव कमालीचा हळवा! माझ्या मते उत्तर एकच आहे. काम आणि उपासना या त्यांच्या लेखी दोन गोष्टी नव्हत्याच. समोरचा मुलगा हा देव, आणि त्याची घोंगडी झटकणे ही पूजा, अशी ज्याची धारणा आहे, त्याला कंटाळा येईल. पण आपले काम हलके आहे असे वाटणार नाही. शिवाय ही पूजा एकतर्फी नव्हती. दिवसभर दिलेले प्रेम संध्याकाळी मुलांकडून परत येत होते. श्रद्धेची समई तेवत होती, कारण तिच्यात रोज कोणीतरी तेल घालीत होते. अमळनेरची ही सहा वर्षे त्यांच्या आयुष्यातील बहुधा सर्वांत भरलेली वर्षे होत.

१९३० साली मिठाच्या सत्याग्रहाची हाक आली आणि गुरुजींनी शाळा सोडली. वर्ग सुटला तरी शिक्षक सुटला नाही. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ते दक्षिणेकडील बंद्यांकडून तमिळ शिकले; प्रांताप्रांतांना जोडणाऱ्या आंतरभारतीच्या स्वप्नाची पेरणी तेथेच झाली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. ती उतरून घेणारा हात गुरुजींचा होता. त्या हाताने ती प्रवचने टिपून ठेवली म्हणूनच ‘गीता प्रवचने’ आज घरोघर आहे. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या चार-पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून झाली. त्या पुस्तकातला श्याम आपल्या आठवणी सांगतो तो आश्रमात, सायंप्रार्थनेनंतर. म्हणजे तुरुंगाच्या कोठडीतही गुरुजींनी प्रार्थना आणि वर्ग हीच दोन माणसे सोबतीला घेतली होती, असे मला वाटते.

याच श्रद्धेने पुढे त्यांना पंढरपूरला नेले. विठ्ठलाच्या दारात हरिजनांना मज्जाव असेल तर तो विठ्ठल कोणाचा? हा सवाल घेऊन त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण आरंभिले. मंदिर सर्वांना खुले करण्याचे मान्य झाले तेव्हाच ते सुटले. श्रद्धा म्हणजे डोळे मिटणे, असे समजणाऱ्या माझ्यासारख्याला हे प्रकरण फार काही शिकविते. ज्याचा विठ्ठलावर विश्वास नाही, तो विठ्ठलाच्या दारासाठी प्राण पणाला लावणार नाही.

येथेच हे चरित्र संपवावे असा मोह होतो. पण मग ते खोटे होईल. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. गुरुजींनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. लेखणी चालू होती. पण मन खचत चालले होते. ११ जून १९५० रोजी, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, त्यांनी आपले आयुष्य आपल्या हाताने संपविले. असे का झाले याचे एकच एक कारण सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्यांची श्रद्धा उणी पडली असे म्हणणे तर मला पाप वाटते. मनाचा आजार हाही आजारच आहे; भक्त असण्याने तो टळत नाही, आणि तो जडला म्हणून भक्ती खोटी ठरत नाही.

तरी एक गोष्ट मनातून जात नाही. गुरुजी साऱ्यांचे अश्रू पुसत आले. आपले अश्रू कोणाच्या हाती द्यावेत हे मात्र त्यांना साधले नाही. त्यांच्या श्रद्धेने त्यांना द्यायला शिकविले, मागायला शिकविले नाही.

आमच्याच पालघर जिल्ह्यातील दुसरे एक उदाहरण यापाशी ठेवून पाहावेसे वाटते. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुलांची अंगणवाडी तेथे वाढली. ताराबाई १९७३ साली गेल्या. अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे अखेरच्या श्वासापर्यंत, काम पुढे नेले. त्यांचीही कामावर श्रद्धाच होती. पण त्या वाटेवर वर्षानुवर्षे एकीला दुसरीची सोबत होती.

म्हणून माझ्या प्रश्नाचे मला सापडलेले उत्तर असे : श्रद्धा शिक्षकाला उभे करते, कामाला अर्थ देते, रागापासून आणि कडवटपणापासून वाचविते. मात्र शिक्षकाचा सारा भार एकट्या श्रद्धेवर टाकून आपण मोकळे होऊ नये. ज्याने शंभरांना सांभाळायचे, त्याला सांभाळणारे दोघे-चौघे हवेत, आणि वेळ पडली तर वैद्यही हवा.

अलीकडे आई शाळेतून आली की मी तिच्यापुढे चहाचा कप ठेवतो आणि आज वर्गात काय झाले ते विचारतो. सुरुवातीला ती, काही नाही, म्हणून टाळायची. आता बोलते, कधी हसते, कधी डोळे पुसते. पहाटेचे निरांजन ती लावते. संध्याकाळी त्यात थोडे तेल घालण्याचे काम मी माझ्याकडे घेतले आहे.