डोंगर पोखरणारा अॅडॉल्फ सूट्रो

अमेरिकेच्या पश्चिमेकडील नेवाडाचा मुलूख म्हणजे बेताचा पाऊस, विरळ झुडपे आणि उघडेबोडके डोंगर. १८५९ साली या वैराण प्रदेशात कॉम्स्टॉक नावाची सोन्याचांदीची प्रचंड शीर सापडली आणि डोंगराच्या उतारावर व्हर्जिनिया सिटी हे शहर बघता बघता उभे राहिले. या चांदीने धनाढ्य झालेल्यांच्या कथा पुष्कळ आहेत. आम्ही मात्र येथे निराळ्या वाटेने गेलेल्या एका पुरुषाचे चरित्र सांगणार आहोत.

अॅडॉल्फ सूट्रोचा जन्म २९ एप्रिल १८३० रोजी प्रशियातील आखेन या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. वडिलांचा लोकरी कापडाचा कारखाना होता. तेथे हातभार लावण्यासाठी त्याने लहानपणीच शाळा सोडली. परंतु ग्रंथांची ओढ जन्मभर सुटली नाही. वडिलांच्या मृत्यूनंतर, १८५० साली, हे कुटुंब अमेरिकेस गेले. सॅन फ्रान्सिस्कोत तंबाखूचा व्यापार करीत असता सूट्रोच्या कानी चांदीची वार्ता आली व १८६० साली तो कॉम्स्टॉकला पोहोचला.

तेथील खाणी जसजशा खोल गेल्या, तसतसे त्यांत कढत पाणी भरू लागले. हवा कोंदट, उष्मा असह्य. आणि पाणी उपसण्यास पंप अपुरे. सूट्रोने एक साधी युक्ती सुचविली. कार्सन नदीच्या खोऱ्याकडून डोंगराच्या पोटात जवळजवळ चार मैल लांबीचा आडवा बोगदा खणावा. मग पाणी उताराने आपोआप वाहून जाईल, ताजी हवा खेळेल, कच्ची धातू बाहेर नेता येईल आणि संकटसमयी कामगारांना सुटकेची वाट मिळेल. १८६५ साली नेवाडाच्या विधिमंडळाने व १८६६ साली अमेरिकेच्या काँग्रेसने त्यास मान्यता दिली. खाणमालकांनीही दर टनामागे दोन डॉलर देण्याचे कबूल केले.

परंतु बँक ऑफ कॅलिफोर्नियाच्या धुरीणांच्या हाती खाणींबरोबर धातू दळण्याच्या गिरण्याही होत्या. बोगद्यातून धातू परस्पर दुसरीकडे गेली तर आपली मक्तेदारी संपेल, हे त्यांनी ओळखले. खाणमालकांनी शब्द फिरविला आणि सूट्रोला भांडवलाची दारे बंद झाली.

अशा वेळी ७ एप्रिल १८६९ रोजी यलो जॅकेट खाणीत आग लागली. धुराने कोंडून निदान पस्तीस कामगार प्राणास मुकले. बोगदा असता तर निसटण्यास वाट मिळाली असती, हे सूट्रोने कामगारांना पटवून दिले. श्रीमंतांनी जे नाकारले ते श्रमिकांनी दिले. त्यांच्या संघाने ५०,००० डॉलरचे भाग घेण्याचे ठरविले. १९ ऑक्टोबर १८६९ रोजी खोदकामास आरंभ झाला. पुढे इंग्लंडमधील पेढीवाल्यांनीही भांडवल पुरविले. आतील उष्मा ११० अंश फॅरनहाइटवर गेला, तरी सूट्रो मजुरांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. अखेर ८ जुलै १८७८ रोजी बोगदा सॅव्हेज खाणीला जाऊन मिळाला.

पण हाय! तोवर खाणी बोगद्याच्या पातळीहून पुष्कळ खोल गेल्या होत्या आणि उत्तम धातूही सरत आली होती. सूट्रोने वेळीच आपले भाग विकून सॅन फ्रान्सिस्को गाठले. मागे राहिलेल्या भागधारकांच्या पदरी मात्र निराशा आली. ज्यांनी घामाचा पैसा घातला त्यांचे काय, हा प्रश्न आमच्या मनाला बोचल्यावाचून राहत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोत त्याने जमिनी घेतल्या, आपला बगीचा लोकांना खुला केला, १८८६ साली वृक्षारोपणासाठी शाळकरी मुलांना रोपे दिली व १८९६ साली भव्य स्नानगृहे उघडली. १८९५ ते १८९७ तो त्या शहराचा महापौर होता. शाळा सोडलेल्या या मुलाने दोन लाखांवर ग्रंथ जमविले! ८ ऑगस्ट १८९८ रोजी तो निवर्तला. १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत त्यातील सुमारे निम्मे ग्रंथ जळाले. उरलेले सार्वजनिक ग्रंथालयात जतन झाले.

डोंगर पोखरून उंदीर काढला, असे कोणी सूट्रोविषयी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. बोगद्यातून रोज लक्षावधी गॅलन पाणी वाहू लागले आणि खोल खाणींतील पाणी आता केवळ बोगद्यापर्यंत चढविले की भागे. कल्पना खरी होती. स्वार्थी विरोधाने ती उशिरा फळली. चांगले काम चिकाटीने करणे हे जसे एकाचे कर्तव्य, तसेच ते वेळेवर होऊ देणे हे इतरांचे कर्तव्य होय, हाच बोध आम्ही या चरित्रातून घेतो.