स्वयंपाकघरातील साधक : ब्रदर लॉरेन्स



साधना म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर आसन, माळ आणि शांत खोली येते. आसनावरून उठले की कामांची घाई सुरू होते आणि ती कामे म्हणजे साधनेतील अडथळा, असे आपल्याला वाटू लागते. तुम्हालाही असे वाटत असेल, तर ब्रदर लॉरेन्स या ख्रिस्ती साधकाचे जीवन जरूर जाणून घ्या. ते धर्मगुरू नव्हते, विद्वानही नव्हते. मठातील त्यांचे आयुष्य मुख्यतः स्वयंपाकघरात आणि चपला दुरुस्त करण्यात गेले.

त्यांचे मूळ नाव निकोलस हर्मन. साधारण १६१४ साली, आज फ्रान्समध्ये असलेल्या लोरेन प्रांतात, एका साध्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. अठरा वर्षांचे असताना हिवाळ्यात त्यांनी एक निष्पर्ण झाड पाहिले. काही दिवसांनी याच झाडाला पालवी फुटेल, मग फुले येतील, फळे धरतील, हा विचार त्यांच्या मनात आला. त्यातून ईश्वराच्या सामर्थ्याची जी प्रतीती त्यांना आली, ती पुढे कधीच पुसली गेली नाही.

तरीही त्यांचे जीवन लगेच पालटले नाही. युरोपात तेव्हा तीस वर्षांचे युद्ध पेटले होते. निकोलस सैन्यात गेले, जखमी झाले आणि कायमचे लंगडू लागले. पुढे त्यांनी एका अधिकाऱ्याकडे नोकर म्हणून काम केले. पण हात इतके धांदरट, की वस्तू सारख्या फुटत. अखेर १६४० साली पॅरिसमधील कार्मेलाइट मठात त्यांनी प्रवेश घेतला. आपल्या धांदरटपणाची तिथे चांगलीच शिक्षा मिळेल आणि ती आपण देवाला अर्पण करू, अशी त्यांची कल्पना होती. प्रत्यक्षात त्यांना तिथे समाधानच मिळाले.

मठातील सेवेकरी बंधूंमध्ये त्यांचा समावेश झाला. धर्मगुरूंनी उपासना आणि अध्ययन करावे, तर या बंधूंनी मठातील अंगमेहनतीची कामे करावीत, अशी तिथली व्यवस्था होती. लॉरेन्स यांच्या वाट्याला स्वयंपाकघर आले. हे काम त्यांना मुळीच आवडत नव्हते! तरी सुमारे १५ वर्षे त्यांनी ते केले.

हे कसे साधले? त्यांची रीत अगदी सोपी होती. कामाला हात लावण्यापूर्वी छोटीशी प्रार्थना करायची. काम करता करता मनातल्या मनात प्रभूशी बोलत राहायचे. काम संपले की ते कसे झाले हे पाहायचे. चांगले झाले असेल तर आभार मानायचे, चुकले असेल तर क्षमा मागायची आणि कुढत न बसता पुन्हा कामाला लागायचे. तव्यावरचे ऑम्लेट उलटायचे तेही प्रभूच्या प्रेमाखातर. जमिनीवरची काडी उचलायची तीही त्याच भावनेने. भांड्यांच्या आवाजात आणि चहूबाजूंच्या हाकांमध्येही त्यांना प्रार्थनेइतकीच शांती लाभे.

पण त्यांची वाट सुखाची होती, असे समजू नका. आपला उद्धार होणारच नाही, या विचाराने ४ वर्षे त्यांना आतून जाळले. कोणाच्याही समजावण्याने तो विचार जाईना. शेवटी त्यांनी ठरवले, की आपले पुढे काहीही होवो, हातून जे घडेल ते देवाच्या प्रेमासाठीच घडू द्यायचे. मिळण्याची चिंता सुटली आणि हळूहळू मनही मोकळे झाले.

एकदा मठासाठी द्राक्षारस खरेदी करण्याकरिता त्यांना बर्गंडी प्रांतात पाठवले गेले. व्यवहाराचे त्यांना काही कळत नसे आणि पाय असा अधू, की नावेत पिंपांवरून अक्षरशः लोळत पुढे सरकावे लागे. हे काम तुझेच आहे, असे प्रभूला सांगून ते निघाले आणि खरेदी नीट पार पडली.

पुढे त्यांना चपलांच्या कामावर नेमले गेले. तेव्हाही त्यांच्या भावनेत फरक पडला नाही. या साध्या माणसाची शांती पाहून लोक त्यांच्याकडे मार्गदर्शनासाठी येऊ लागले. १६६६ पासून जोसेफ द बोफोर या धर्मगुरूंनी त्यांच्याशी झालेली संभाषणे टिपून ठेवली. १२ फेब्रुवारी १६९१ रोजी ब्रदर लॉरेन्स यांनी देह ठेवला. त्यानंतर ती संभाषणे आणि त्यांची पत्रे प्रसिद्ध झाली. आज ती जगभर वाचली जातात.

वाचकहो, लॉरेन्स यांनी काम आवडीचे होण्याची वाट पाहिली नाही. ते कोणासाठी करायचे, एवढेच त्यांनी ठरवले. त्यामुळे देवाची सेवा आणि बंधूंसाठी रांधलेले अन्न, या दोन गोष्टी त्यांच्यासाठी वेगळ्या उरल्या नाहीत. तुम्ही पोळ्या लाटत असाल, ऑफिसात बिले तपासत असाल किंवा घरातील आजारी माणसाची शुश्रूषा करत असाल, तर आज एवढेच करून पाहा. सर्वात नावडते काम निवडा. सुरू करण्यापूर्वी क्षणभर थांबा, ते ज्यांच्या उपयोगी पडणार आहे त्यांचा चेहरा आठवा आणि ते काम ईश्वराला अर्पण करून हाती घ्या.