नसीर खान फारुकी

नसीर खान फारुकी (कारकीर्द: इ.स. १३९९ ते इ.स. १४३७) हा खानदेशच्या फारुकी घराण्याचा दुसरा शासक होय. असीरगड जिंकून त्याने बुऱ्हाणपूर शहर वसवले. पित्याने केलेली राज्याची वाटणी मोडून त्याने खानदेश एका सत्तेखाली आणला. परंतु या वारसाहक्काच्या वादाचे पडसाद पुढे शंभर वर्षांनीही उमटले.

वारसा व वाटणी

नसीरचा पिता मलिक राजा यास दिल्लीचा सुलतान फिरोजशाह तुघलक याने इ.स. १३७० मध्ये तापीकाठच्या थाळनेरची (सध्या धुळे जिल्हा, शिरपूर तालुका) जहागीर दिली. इ.स. १३८२ पासून तो स्वतंत्रपणे राज्य करू लागला. मृत्यूपूर्वी त्याने राज्य दोन मुलांत वाटून दिले. धुळ्याजवळचा लळिंग किल्ला व पूर्वेकडील मुलूख थोरल्या नसीरच्या, तर थाळनेर व पश्चिमेकडील मुलूख धाकट्या हसनच्या वाट्याला आला. अशा रीतीने घराण्याची मूळ राजधानी धाकट्या भावाकडे गेली.

राज्यविस्तार

सत्तेवर येताच नसीरने आसा अहिर याच्याकडून असीरगड घेतला. आपल्या कुटुंबातील स्त्रियांना आश्रय हवा असल्याचे भासवून त्याने डोल्यांमधून सैनिक गडावर पाठवले, अशी कथा फिरिश्ता या इतिहासकाराने दिली आहे. त्यानंतर त्याने तापीच्या दोन तीरांवर बुऱ्हाणपूर व झैनाबाद वसवले. सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब आणि झैनुद्दीन यांच्यावरून ही नावे देण्यात आली.

इ.स. १४१७ मध्ये माळव्याच्या होशंगशाहाच्या मदतीने नसीरने थाळनेर जिंकून हसनला कैद केले. यानंतर त्याने गुजरातच्या ताब्यातील सुलतानपूर व नंदुरबार भागावर चाल केली. मात्र सुलतान अहमदशाहापुढे त्याला नमते घ्यावे लागले. हसनला पुढे गुजरातेत आश्रय मिळाला.

अखेरचा काळ

नसीरची मुलगी बहमनी राजपुत्र अलाउद्दीन अहमद यास दिली होती. अलाउद्दीन इ.स. १४३६ मध्ये सुलतान झाला. तो आपली उपेक्षा करतो, अशी तक्रार मुलीने पित्याकडे केली. तेव्हा नसीरने वऱ्हाडवर स्वारी केली. बहमनी सरदार खलफ हसन बसरी याने रोहणखेड (सध्या बुलढाणा जिल्हा) येथे त्याचा पराभव करून बुऱ्हाणपूर लुटले आणि लळिंगजवळ त्याला पुन्हा हरवले. त्यानंतर लवकरच, इ.स. १४३७ मध्ये नसीरचे निधन झाले. थाळनेर येथे त्याचे दफन करण्यात आले.

वंशज

नसीरनंतर त्याचा मुलगा मीरान आदिल खान (पहिला) गादीवर आला. नसीरच्या वंशजांपैकी आदिल खान (दुसरा) याने इ.स. १४५७ ते इ.स. १५०१ असे दीर्घकाळ राज्य केले. दरम्यान गुजरातेत हसनच्या वंशजांचे तेथील राजघराण्याशी विवाहसंबंध जुळले होते. खानदेशात वारसाचा पेच निर्माण झाल्यावर इ.स. १५०९ मध्ये महमूद बेगडा याने आपला नातू व हसनचा वंशज आदिल खान (तिसरा) यास गादीवर बसवले. त्यामुळे नसीरने पदच्युत केलेल्या भावाच्या शाखेकडे सत्ता आली. इ.स. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतल्यावर फारुकी राजवट संपली.