मोजपट्टी धरणारा हात : आल्फ्रेड बिने



आधी एक छोटा स्वाध्याय. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे लिहा तथ्य, उजवीकडे लिहा मत. आता ही तीन वाक्यं योग्य रकान्यात टाका. राजूला गणितात २० पैकी ६ गुण मिळाले. राजू ढ आहे. राजूचा बुद्ध्यांक ७४ आहे.

पहिलं वाक्य तथ्य, कारण उत्तरपत्रिका काढून तपासता येते. दुसरं मत. एवढं तुम्हाला सहज जमतं. तिसऱ्या वाक्यापाशी मात्र बहुतेक जण जराही न थांबता डाव्या रकान्यात जातात. आकडा आहे ना, मग तथ्यच! गंमत अशी की ज्या माणसाच्या कामातून हा आकडा पुढे जन्माला आला, तो माणूस स्वतः या वाक्यापाशी नक्की थांबला असता. त्याचं नाव आल्फ्रेड बिने. पुस्तकात त्यांच्याबद्दल एक ओळ असते, बुद्धिमापन चाचणीचे जनक, आणि ती पाठ केली की एक गुण मिळतो. त्या एका ओळीत न मावलेली गोष्ट आज वाचा.

बिने यांचा जन्म १८५७ साली नीस या गावी झाला. वडील डॉक्टर, आई चित्रकार. आईवडील वेगळे झाले आणि मुलगा आईबरोबर वाढला. पॅरिसला शिक्षण झालं, १८७८ साली कायद्याची पदवी मिळाली, पण वकिली काही केली नाही. वैद्यकाचा अभ्यास सुरू केला, तोही सोडला. मग पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बसून त्यांनी मानसशास्त्राची पुस्तकं वाचायला सुरुवात केली. या विषयात त्यांना गुरू असा कोणी नव्हता. स्वतः वाचून शिकलेल्या माणसाचा एक फायदा असतो आणि एक तोटा. फायदा म्हणजे उत्साह अमाप असतो. तोटा म्हणजे, बाबा रे, तू इथे चुकतोयस, असं सांगणारं शेजारी कुणी नसतं.

हा तोटा त्यांना लवकरच भोवला.

१८८३ च्या सुमारास बिने पॅरिसच्या साल्पेट्रिएर रुग्णालयात काम करू लागले. तिथे शार्को नावाचे जगप्रसिद्ध डॉक्टर संमोहनावर प्रयोग करत. शार्को यांचा दबदबा एवढा होता की त्यांचं मत हेच तिथे तथ्य समजलं जाई. बिने आणि त्यांचे सहकारी फेरे यांनी एक अजब शोध जाहीर केला. संमोहित स्त्रीचा उजवा हात उचललेला असताना तिच्या जवळ लोहचुंबक धरलं, तर ती क्रिया उजवीकडून डावीकडे सरकते! एवढंच नाही, तर चुंबकाने तिचं दुःख आनंदात बदलतं, असंही त्यांनी लिहिलं. प्रयोग पुन्हा पुन्हा केले आणि दर वेळी तोच निष्कर्ष आला. मग शंका कसली घ्यायची?

शंका घेतली बेल्जियममधल्या देलबफ या प्राध्यापकांनी. १८८५ च्या हिवाळ्यात ते मुद्दाम पॅरिसला आले आणि प्रयोग डोळ्यांनी पाहिले. त्यांना दिसलं ते असं : चुंबक झाकलेलं नव्हतं, उघड्यावर होतं. आता काय घडणार याची चर्चा त्या स्त्रीच्या समोरच चालली होती. आणि प्रयोग होत होते ते मोजक्याच, पूर्ण सरावलेल्या रुग्णांवर. घरी परतल्यावर देलबफ यांनी काळजी घेऊन तेच प्रयोग केले, तेव्हा चुंबकाची करामत दिसेना.

इथे थांबून विचार करा. हात हलला, हे तथ्य होतं. ते शंभर जणांनी पाहिलं असतं तरी तथ्यच राहिलं असतं. चुंबकामुळे हलला, हे मत होतं. हात खरं तर प्रयोग करणाऱ्यांच्या अपेक्षेमुळे हलत होता, कारण ती अपेक्षा त्या स्त्रीला ऐकू येत होती. बिने यांनी आधी जोरदार वाद घातला, देलबफ यांच्यावर तिखट शब्दांत टीकाही केली. पण काही वर्षांनी त्यांनी आपली चूक जाहीरपणे मान्य केली. नाव मिळवायच्या वयात असं करायला काय लागलं असेल, त्याची कल्पना तुम्हीच करा. १८९० मध्ये त्यांनी ते रुग्णालय सोडलं.

मधल्या काळात घरात दोन मुली झाल्या होत्या, मॅडलिन आणि ॲलिस. बिने त्यांनाच प्रश्न विचारत बसले. सोंगट्यांचे दोन ढीग मांडायचे आणि कुठे जास्त आहेत ते विचारायचं. चार वर्षांची मॅडलिन सोंगट्या मोजत नसे. जो ढीग जास्त जागा व्यापेल तो तिला जास्त वाटे. म्हणून कमी संख्येच्या पण मोठ्या सोंगट्या मांडल्या की ती फसायची. त्या काळी मोठमोठे शास्त्रज्ञ नजर किती तीक्ष्ण, स्पर्श किती बारीक कळतो, यावरून बुद्धी ठरवू पाहत होते. बिने यांना घरातच दिसलं की अशा साध्या गोष्टींत लहान मूल आणि मोठा माणूस यांच्यात फारसा फरक नाही. फरक दिसतो तो लक्ष टिकवण्यात आणि गुंतागुंतीचा विचार करण्यात. दोन्ही मुली हुशार, पण एक नेमकं निरीक्षण करणारी आणि दुसरी कल्पनेत रमणारी. मग यातली जास्त हुशार कोण? तुम्ही सांगा!

१८९१ साली रूआँच्या रेल्वे स्टेशनवर त्यांची गाठ सॉरबॉन विद्यापीठाच्या मानसशास्त्र प्रयोगशाळेचे प्रमुख बोनी यांच्याशी पडली. बिने यांनी तिथेच विनावेतन काम मागितलं. पुढे ते त्या प्रयोगशाळेचे संचालक झाले. फ्रान्समध्ये प्राध्यापकाची जागा मात्र त्यांना आयुष्यभर मिळाली नाही.

आता ज्या चुकीने त्यांचं नाक कापलं गेलं होतं, तिलाच त्यांनी अभ्यासाचा विषय केलं. १९०० साली त्यांचं पुस्तक आलं ते सूचनवश्यतेवर, म्हणजे दुसऱ्याच्या सुचवण्याला माणूस किती बळी पडतो यावर. मुलांना एकापाठोपाठ एक रेषा दाखवल्या. पहिल्या काही क्रमाने लांब होत गेलेल्या, पुढच्या सगळ्या सारख्या. आठवून काढताना कितीतरी मुलं रेषा लांबच करत गेली. दुसऱ्या एका प्रयोगात पुठ्ठ्यावर नाणं, बटण, तिकीट अशा वस्तू चिकटवून थोडा वेळ दाखवल्या आणि नंतर प्रश्न विचारले. बटण गोंदाने चिकटवलेलं होतं. पण ते दोऱ्याने बांधलं होतं ना, अशा वळणाचा प्रश्न आला की मुलं नसलेला दोरा मान्य करू लागली. ज्या मुलांना नुसतं आठवेल तेवढं लिहायला सांगितलं, त्यांच्या चुका सर्वांत कमी. आम्हा शिक्षकांनी हे वाचून जरा खाली मान घालावी. तोंडी परीक्षेत उत्तर प्रश्नातच कोंबायची आमची सवय जुनी आहे.

पण मला बिने यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा वाटणारा प्रसंग वेगळाच आहे. पुस्तकांत तो सहसा सापडत नाही.

त्या काळी पक्की समजूत होती की डोकं मोठं तर बुद्धी मोठी. ब्रोका यांच्यासारख्या नामवंतांनी त्यासाठी आकड्यांचे ढीग रचले होते. बिने यांचाही यावर विश्वास होता. ते शाळाशाळांत गेले, शिक्षकांकडून वर्गातली सर्वांत हुशार आणि सर्वांत मागे असलेली मुलं निवडून घेतली आणि त्यांची डोकी मोजली. फरक निघाला जेमतेम मिलिमीटरभराचा, काही ठिकाणी तर उलटाच. मग ते बौद्धिकदृष्ट्या मागे असलेल्या मुलांच्या संस्थेत गेले. तिथे थिओडोर सायमन हे तरुण डॉक्टर काम करत होते. दोघांनी तीच डोकी वेगवेगळी मोजली. एका मापात सायमन यांचे आकडे बिने यांच्यापेक्षा बरेच लहान आले. म्हणून बिने पुन्हा मोजायला गेले. या वेळी आकडे कमी येतील अशी अपेक्षा मनात होती. आणि खरंच, एक सोडून सगळी डोकी लहान भरली, सरासरी तीन मिलिमीटरने!

डोकी काही आक्रसली नव्हती. मोजपट्टी तीच, माणूस तोच, मनातली अपेक्षा तेवढी बदललेली. ज्या फरकावर हुशार आणि ढ असा निवाडा करायचा तो एक मिलिमीटर, आणि मोजणाऱ्याच्या मनाने घडवलेला फरक तीन मिलिमीटर. बिने यांनी हे दडवून ठेवलं नाही, छापलं. चुंबकाच्या वेळी चूक दुसऱ्याने दाखवली होती, या वेळी त्यांनी स्वतःच स्वतःला पकडलं. स्वतःचे आकडे पाडणारा शास्त्रज्ञ मला तरी शोध लावणाऱ्यापेक्षा मोठा वाटतो. हे माझं मत, उजव्या रकान्यात लिहा.

१८८२ च्या कायद्याने फ्रान्समध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं होतं, त्यामुळे सगळ्या प्रकारची मुलं वर्गात आली. कुणाला वेगळ्या मदतीची गरज आहे, हे ठरवण्यासाठी सरकारने १९०४ साली समिती नेमली. बिने तिचे सदस्य होते. डॉक्टरांचे दाखले पाहून ते वैतागले. एकाच मुलावर एक डॉक्टर एक शिक्का मारी, दुसरा दुसराच. दाखला मुलाबद्दल कमी आणि डॉक्टरांच्या मताबद्दल जास्त सांगे. शिक्षकांच्या शिफारशींवरही त्यांचा भरवसा नव्हता, कारण त्रास देणारं मूल वर्गातून घालवायला शिक्षक टपलेला असू शकतो. म्हणून १९०५ साली बिने आणि सायमन यांनी ३० कृतींची मापनी तयार केली, सोप्याकडून अवघडाकडे जाणारी. पेटती काडी हलवली तर नजर फिरते का? तीन आकडे ऐकून परत म्हणता येतात का? ३, ६, ९, १२ आणि १५ ग्रॅमचे ठोकळे वजनाच्या क्रमाने लावता येतात का? प्रश्न सर्वांना सारखे, विचारायची पद्धत ठरलेली. १९०८ साली त्याच मापनीची वयानुसार मांडणी झाली.

म्हणजे मत संपलं का? छे! १९०८ च्या मापनीत सहा वर्षांच्या मुलासाठी एक प्रश्न होता : चेहऱ्यांच्या दोन चित्रांतलं सुंदर कोणतं? बरोबर चेहरा निवडला तर गुण. आता सुंदर कोण हे तथ्य की मत? एवढ्या सावध माणसाच्या मापनीतही मत मागच्या दाराने आत आलंच. बिने यांची मुलं पॅरिसच्या गरीब वस्तीतली होती. १९१० च्या सुमारास बेल्जियममध्ये सुखवस्तू घरांतल्या मुलांना हीच चाचणी दिली तेव्हा ती साधारण दीड वर्षाने पुढे निघाली. बिने यांनी हा आक्षेप उडवून लावला नाही. घरच्या परिस्थितीचा आणि भाषेचा परिणाम किती, हे ते स्वतः तपासू लागले.

आपल्या मापनीतून निघणारी पातळी ही उंचीसारखी मोजलेली वस्तू नाही, असं ते बजावत. त्या दिवशी, त्या प्रश्नांवर, इतर मुलांच्या तुलनेत मूल कुठे आहे, एवढंच ती सांगते, आणि शिकवल्याने ती बदलू शकते. बुद्धी जन्मतःच ठरलेली असते म्हणणाऱ्यांवर त्यांनी १९०९ च्या पुस्तकात कडाडून टीका केली. मागे पडलेल्या मुलांसाठी त्यांनी मनाचे व्यायाम सुचवले. त्यातला एक आपल्या स्टॅच्यूच्या खेळासारखाच : खूण होताच जसे आहात तसे पुतळा होऊन थांबा. लक्ष टिकवायची ती पहिली पायरी.

१९११ साली, वयाच्या ५४ व्या वर्षी, बिने वारले. लगेच पुढच्या वर्षी जर्मनीतल्या स्टर्न यांनी मानसिक वयाला खऱ्या वयाने भागलं. अमेरिकेत टर्मन यांनी १९१६ साली त्याला १०० ने गुणलं आणि बुद्ध्यांक घरोघरी पोचला. अमेरिकेतच गॉडार्ड यांनी न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर बोटीतून उतरलेल्या परदेशी लोकांना बिने-चाचणी दिली आणि तपासलेल्या छोट्या गटांतले पाचात चार जण मंदबुद्धी ठरवले. लांबच्या प्रवासाने थकलेली, इंग्रजी न जाणणारी माणसं ती! कॅरी बक या तरुणीचं मानसिक वय चाचणीत नऊ वर्षं निघालं. तिच्या आईचं आठच्या खाली. कॅरीचं बाळ तर अवघं सहा-सात महिन्यांचं. हे मूल काही ठीक दिसत नाही, असं एका समाजसेविकेला वाटलं. या तिन्ही गोष्टी एका रांगेत ठेवून १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅरीची सक्तीने नसबंदी करायला परवानगी दिली. ते बाळ, व्हिव्हियन, पुढे शाळेत गेलं आणि गुणवंतांच्या यादीत आलं. आठव्या वर्षी ते आजाराने गेलं.

आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी ही मापनी नव्याने बसवली. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९४० साली निघालं. बिने-कामत चाचणी आजही भारतात वापरतात. तुमच्या भावंडाचा किंवा शेजारच्या मुलाचा असा अहवाल कधी हातात आला, तर आकड्यावरून नजर आधी बाजूला घ्या आणि बाकीचं वाचा. चाचणी कोणती, कोणत्या साली प्रमाणित केलेली, कोणत्या भाषेत दिली, मूल त्या दिवशी आजारी होतं का, घाबरलेलं होतं का, आणि घेणाऱ्याला मुलाबद्दल आधीच काय सांगितलं होतं.

आता वहीतल्या त्या तिसऱ्या वाक्याकडे परत या. राजूचा बुद्ध्यांक ७४ आहे. डाव्या रकान्यात बसेल असं ते वाक्य पुन्हा लिहून काढा. किमान तीन ओळी लागतील. उद्या वर्गात वाचून दाखवायचं आहे.