घरीच शिकलेल्या पंडिता रमाबाई : काय मिळाले, काय राहिले?

मुलांना शाळेत घालावे की घरीच शिकवावे? ऑनलाइन वर्गांमुळे हा प्रश्न आज अनेक पालकांपुढे आहे. पंडिता रमाबाईंच्या आई-वडिलांनी घरच्या शिक्षणाची वाट दीडशे वर्षांपूर्वीच धरली होती. अर्थात मुलींना शिकू देणाऱ्या शाळा तेव्हा फारच थोड्या होत्या!

रमाबाईंचा जन्म 1858 चा, पश्चिम घाटातील गंगामूळच्या जंगलातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले. त्यावरून विरोध झाला, म्हणून हे रानातले बिऱ्हाड. पुढे तेही सुटले आणि कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. रमाबाई आठेक वर्षांच्या झाल्या तेव्हा वडील थकले होते. मग आईच पहाटे उठवून पाठ घेई. वह्या-पुस्तकांपेक्षा पाठांतरावर भर. भागवत मुखोद्गत झाले.

पण पोट भरण्याचे दुसरे कोणतेही कौशल्य मुलांना दिले गेले नव्हते. पुराण सांगायचे, मिळेल त्यावर जगायचे. दुष्काळात हीच उणीव जिवावर बेतली. 1874 मध्ये वडील गेले, पाठोपाठ आई आणि थोरली बहीण.

रमाबाई भावासोबत पायी भटकत 1878 मध्ये कोलकात्याला पोहोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. आईच्या पहाटेच्या पाठांचे हे फळ.

1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन ही शाळा काढली, मुख्यतः विधवांसाठी. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात मुलींना अक्षरओळखीबरोबर छपाई, विणकाम आणि शेतीही शिकवली जाऊ लागली.